नानांचा कान

नानांच्या कृत्रिम कानाची चिप बनवणारी कंपनी बुडाली आणि कान बंद पडला. बाकी संगणकभाषा परवान्याशिवाय वापरायला बंदी होती. मागाला साडीची नक्षी सांगणारी भाषा तेवढी कुणाच्या खिजगणतीत नव्हती. त्यांची विणकर मुलगी वैजू हिने त्याच भाषेत, उभ्याआडव्या धाग्यांत, त्या चिपची हुबेहूब नक्कल मागावर चालवली. कान सुरू झाला, पण माग संथ. सकाळचं बोलणं नानांना संध्याकाळी ऐकू यायचं.

आज सकाळी अंथरूण बदलताना ती करवादली होती, "एकदाचे डोळे मिटा, म्हणजे मी सुटेन!"

आता संध्याकाळी ती मऊ भात भरवत असताना नानांचा घास तोंडातच थांबला. त्यांनी ताट बाजूला सारलं.

"चुकलं माझं, नाना!"

हे ऐकायला त्यांना उद्याची सकाळ पाहावी लागणार होती. माग खडखडत राहिला. नानांनी आज्ञाधारकपणे डोळे मिटून घेतले.