खोलीत किती जण?

तैवानमधल्या तैनान शहरातल्या एका इस्पितळात मी चाळीस वर्षं केसपेपर सांभाळले. पूर्वी मुलं स्कूटरवरून पडून डोकं फोडून यायची; हेल्मेटं आली, तशी सोफ्यावरून पडून येऊ लागली. शुद्ध तपासायला सिस्टर विचारायच्या, "खोलीत किती जण?" प्रत्येक मूल एक जास्त सांगे. नोंदीत माझीच चूक होत असेल, म्हणून मी गप्प राहिलो.

आज माझी नात पेइ-छी पलंगावरून पडली. मी तिचा हात धरून बसलो होतो.

"किती जण गं, ढमे?" श्यू-ओ सिस्टरनं विचारलं.

"चार."

ती, तिची आई, सिस्टर, मी. बरोबर! माझा जीव भांड्यात पडला.

"कोण कोण, सांग बघू."

"मी, आई, तुम्ही..." तिनं माझ्या मागे बोट दाखवलं. "आणि ती मावशी. आई, आजोबा कधी येणार?"