कोपराचं माप

नव्या ओट्यावर रिकामा पोळपाट ठेवून कुंदाताई उंची बघायला उभ्या राहिल्या, तर ओटा थेट छातीला लागला. दीड महिना त्यांनी गॅलरीतल्या शेगडीवर कसाबसा काढला होता. ग्रॅनाइट आधी येईचना, आलं ते तडकलेलं निघालं. आणि आता हे.

"माप कुणाचं घेतलंत?" त्यांनी गवंड्याला विचारलं.

"जे ओट्याशी उभे राहणार, त्यांच्या कोपराचं घेतो, काकू. तुम्ही मिरजेला लग्नाला गेला होतात. काका म्हणाले, माझंच घ्या."

त्यांचे सहा फुटी यजमान, दिगंबरराव, खिडकी न्याहाळू लागले.

"तोडून खाली घेतो," गवंडी म्हणाला. "महिना धरून चाला."

कुंदाताईंचा पारा चढला. चार शब्द सुनावायला त्या नवऱ्याकडे वळल्या आणि थबकल्या. दिगंबररावांनी ओशाळून लाटणं हातात घेतलं होतं. ओटा त्यांच्या कोपराला अगदी बेताचा होता आणि पाठ ताठ होती. चौतीस वर्षं हाच माणूस सांगत आला होता, "पोळ्या मीही केल्या असत्या गं, पण ओट्याशी वाकलं की कंबर धरते."

"राहू दे ओटा," त्या गवंड्याला म्हणाल्या. पिठाचा डबा नवऱ्याच्या हातात देऊन त्या खुर्चीत ऐसपैस बसल्या. "अहो, आता कंबर काय म्हणते?"

दिगंबररावांना हसू आवरेना. बाह्या सारून त्यांनी डबा उघडला आणि विचारलं, "पाणी किती घालू?"