विहिरीचा वास

“पाणी आता चांगलं आहे गं. रोज सकाळी मी स्वतः वास घेऊन बघते,” हुद्दारबाई विहिरीच्या काठावर टेकत म्हणाल्या.

शेजारच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळल्यापासून शाळेची विहीर बंद होती. बाईंचीच जुनी विद्यार्थिनी तनुजा शहरातून पाण्याचे नमुने न्यायला यायची. आज बाईंनी विहीर पुन्हा सुरू करायचा हट्टच धरला होता. पूर्वी शाळेच्या पहिल्या दिवशी मोठी मुलं नव्या मुलांच्या ओंजळीत याच विहिरीचं पाणी घालायची. ते प्यायलं की रडणारं मूलही गप्प व्हायचं. तनुजाही झाली होती. निवृत्त होण्याआधी, या जूनमध्ये, बाईंना ते एकदा पुन्हा बघायचं होतं.

तनुजानं विहिरीतून ताजं पाणी काढून पेल्यात ओतलं. बाईंनी डोळे मिटून हुंगलं आणि पेला भोवती जमलेल्या शाळेतल्या मुलांकडे दिला. “नुसता वास घ्यायचा हं, प्यायचं नाही.”

“कसलाच वास नाही, बाई!” पंपामागच्या वस्तीतली ती मुलं एका सुरात ओरडली.

पेला तनुजाकडे आला. तिनं तो नाकाजवळ नेला आणि खाली बघत पुटपुटली, “बाई, अजून पेट्रोलचा वास येतोय. तुम्हा सगळ्यांच्या नाकाला पंपाची सवय झालीय.”

बाईंनी मुलांकडे पाहिलं. मग वर्गात म्हणायच्या तशाच म्हणाल्या, “जरा मोठ्यानं सांग, बाळा. मागच्या मुलांनाही ऐकू गेलं पाहिजे.”