पेपरवरचं पहिलं नाव

"तुमचा आकडा सात आहे, मॅडम," संचालक म्हणाले. "सातावर दुर्बिणीचं प्रमुखपद वरचे लोक मंजूर करणार नाहीत."

शेजारच्या खुर्चीत तिचा नवरा बसला होता. तोही याच संस्थेत शास्त्रज्ञ. त्याचा आकडा एकोणचाळीस. कोणाच्या नावावरच्या संशोधन-पेपरांचा जगात किती जणांनी आधार घेतला, त्यावरून कॉम्प्युटर हा आकडा काढतो. दोघांची माहिती नवऱ्यानेच ऑफिसला पाठवली होती. "तू कुठे त्या किचकट कामात डोकं घालतेस," असं म्हणून.

क्ष-किरणांची ही नवी दुर्बीण अवकाशात सोडायची कल्पना तिची. आराखडाही तिचाच. कृष्णविवराजवळून उसळणाऱ्या झोतांचं सगळं गणित तिने सासूबाईंच्या पलंगाशी बसून मांडलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, मुलगी लहान. वर्षं कशी गेली ते कळलं नाही. कामावर परत आली तेव्हा सगळ्यांच्या लेखी ती नवखीच होती. मध्यंतरी तिचा एक पेपर परत आला. परीक्षकाने शेरा मारला होता, 'या विषयातलं मूळ काम लेखिकेने नीट समजून घेतलेलं दिसत नाही.' तो वाचून नवरा पोट धरून हसला. तीही हसली. मग बाथरूमचं दार लावून, नळ मोठा सोडून बराच वेळ बसून राहिली.

"मार्ग आहे," संचालक म्हणाले. माणूस भला होता, संस्थेत नुकताच आलेला. "प्रमुख म्हणून सरांचं नाव घालू. काम तुम्हीच बघा. शेवटी घरातल्या घरातच राहतंय."

"मी तिला तेच सांगत होतो," नवरा म्हणाला. "नाव कोणाचं का असेना."

घरी हे असंच चालायचं. आधी तिची काळजी, मग सगळ्यांची सोय, आणि शेवटी तिची हललेली मान. आताही दोघं तिच्या मानेकडेच बघत होते.

संचालकांनी कॉम्प्युटरचा पडदा नवऱ्याकडे वळवला. "बाकी तुमचे गाजलेले पाचही पेपर एकाच माणसाबरोबर आहेत हो. पहिलं नाव त्यांचं, दुसरं तुमचं. झोतांवरचं मूळ काम म्हणून आजही सगळे यांचाच दाखला देतात. हे गृहस्थ असतात कुठे?"

पडद्यावर एक आद्याक्षर होतं आणि पुढे आडनाव. ते आडनाव कोणी मोठ्याने उच्चारून किती काळ लोटला होता!

नवरा समोरच्या ग्लासातलं पाणी प्यायला.

"सोडलं त्यांनी हे क्षेत्र," तो म्हणाला. "घरच्या अडचणी होत्या म्हणे."

त्या 'म्हणे'वर तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या चेहऱ्यावर लाज नव्हती. भीतीही नव्हती. आपण खोटं बोलतोय असं त्याला वाटतच नव्हतं.

"अरेरे!" संचालक हळहळले. "शोधा हो त्यांना. एवढ्या ताकदीचा माणूस परत येत असेल, तर दुर्बीण मी डोळे झाकून त्यांच्या हातात देईन. त्यासाठी वरच्यांशी भांडावं लागलं तरी चालेल."

नवऱ्याने टेबलाखाली तिचं मनगट दाबलं. पाहुण्यांसमोर ती जास्त बोलायला लागली की दाबायचा, तसंच. तिने हात सोडवून घेतला.

"मग द्या, सर," ती म्हणाली. "ते माझं लग्नाआधीचं आडनाव आहे."