गोणीची झोळी

केरबाचा उजवा पाय सकाळपासून हलत होता. खोड जुनीच, पण आज दवाखान्यातलं बाकडंसुद्धा हादरत होतं.

"दादा, पाय हलवू नका ना," त्याची लेक मालन म्हणाली आणि पुन्हा खोकू लागली.

डॉक्टरांनी तिच्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला. "सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होतात का कधी?"

"छे, मी शाळेत शिकवते."

"कारखान्यात मी होतो, सव्वीस वर्षं!" केरबा उसळला. "बघायची तर माझी छाती बघा."

"तुमची गेल्या महिन्यातच बघितली, काका. ठणठणीत आहे. पण यांच्या छातीत ॲस्बेस्टॉसची धूळ गेलीय. अगदी लहानपणी गेली असणार. चाळीस वर्षांनीही डोकं वर काढते ती."

"शक्यच नाही!" केरबाचा आवाज चढला. "कारखान्याच्या नळावर आंघोळ करून, कपडे बदलून घरी जायचो मी. त्याशिवाय पोरीला कधी हात लावला नाही. घरी काही नेलं नाही. नेली ती एक रिकामी..."

तो थांबला.

कारखान्यात ॲस्बेस्टॉस भरून यायचं ती गोणी. चांगली चिवट होती, फुकटात मिळाली होती. बायकोनं ती दारात झटकली आणि आढ्याला झोळी बांधली. दोन वर्षं मालन त्या झोळीतच झोपली. रात्रपाळी करून आला, की झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून केरबा आडवा व्हायचा. झोपेतसुद्धा झोका थांबू द्यायचा नाही.

त्यानं दोन्ही हातांनी गुडघा दाबून धरला. पाय थांबेना.