सायीचा रंग

तळवड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये पेंटरने भिंतीवर दोन मोठे चौकोन रंगवले होते, एक हस्तिदंती, एक सायीसारखा.

"दोन्ही पांढरेच की, ताई."

पूनम जवळ गेली. हस्तिदंतीवर तिची सावली पडली, मोकळ्या केसांची. सायीवर पडली ती डोक्यावर पदर घेतलेली.

पूनमच्या अंगात कुर्ता होता.

पदर कधी ढळू न देणाऱ्या सासूबाईंनी तिच्या लेकीला सांभाळलं, म्हणून पूनमची कंपनीतली नोकरी टिकली. त्या गेल्या तेव्हा ती शिफ्टला होती. पाया पडायचं राहूनच गेलं.

"सगळीकडे सायीचाच लावा," ती म्हणाली.

रंग वाळल्यावर पूनम एकटीच आली आणि भिंतीपुढे वाकली.

सावली वाकली नाही. तिने हात पुढे केला, आणि पूनमच्या केसांवर तळव्याची ऊब टेकली.