उबाल्दोची जागा

"एकच चेंडू, एवारिस्तो," पंच रादामेस म्हणाला. "संघटनेनं तेवढीच सवलत दिलीय. मग नववा माणूस उभा कर. नाहीतर सामना गेला, आणि त्याच्यापाठी हंगामही."

"बघू," एवारिस्तो म्हणाला.

साठी उलटली तरी खेळाडूंसारखाच गणवेश चढवून बाकावर बसायचं, ही बेसबॉलच्या मॅनेजरची रीत. आज तो गणवेश एवारिस्तोच्या अंगावर लोंबत होता. आठवडाभर त्याला अन्न गोड लागलं नव्हतं. मैदानात त्याची आठच माणसं उतरली होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा मोकळी होती. तिथं उबाल्दो उभा राहायचा. गेल्या रविवारी सान पेद्रोच्या रस्त्यावर त्याची मोटारसायकल उसाच्या ट्रकखाली गेली.

ठरलं होतं ते असं: पहिला चेंडू उबाल्दोच्या नावाचा. समोरच्या संघाचा फलंदाज बॅट खांद्यावरून हलवणार नाही, चेंडू सरळ कॅचरच्या हातात जाईल, लोक टोप्या काढतील. मग बदली खेळाडू नेल्फी आत जाईल. नेल्फी हातमोजा घालून बाकाच्या टोकाला बसला होता, पण वस्तादाकडे, म्हणजे एवारिस्तोकडे, बघायची त्याची छाती होत नव्हती. वस्ताद आठवडाभर त्याच्याशी चकार शब्द बोलला नव्हता. त्या जागी दुसरा कुणी उभा राहिला की उबाल्दो खरंच मेला, एवढं साधं गणित म्हाताऱ्याच्या डोक्यात बसलं होतं.

फलंदाज तयार झाला. प्रेक्षकांतला ढोल थांबला. एवारिस्तोनं सवयीनं हात वर केला आणि बोटांनी खुणावलं: तिसऱ्या बेसकडे सरक. हा फलंदाज नेहमी त्याच बाजूला मारायचा. मोकळ्या मातीला केलेली ती खूण बाकावरच्या सगळ्यांनी पाहिली, आणि सगळे आपापल्या बुटांकडे बघू लागले.

पिचरनं हळू, सोपा चेंडू टाकला. इतका सोपा, की फलंदाजाचे हात आपोआप फिरले. हातांना कुठलं सुतक? चेंडू जमीन घासत निघाला, वस्तादानं खुणावलं होतं नेमका तिथून गेला आणि मागच्या गवतात थांबला.

फलंदाज धावलाच नाही. "चुकलं माझं, काका," तो जागेवरूनच म्हणाला. "देवाशपथ, मुद्दाम नाही मारला."

एवारिस्तोचं तिकडं लक्ष नव्हतं. तो कान देऊन बसला होता. चेंडू उबाल्दोच्या हातमोज्यात बसल्याचा आवाज आठवडाभर त्याला ऐकू येत होता. जेवताना, आंघोळ करताना, चर्चमध्येसुद्धा. आत्ता आला नाही.

"हा चेंडू मोजायचा नाही," रादामेसनं जाहीर केलं. मग तो बाकाजवळ आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "आता मात्र पाठव रे कुणाला तरी."

एवारिस्तोनं डोळे पुसले. लपवून नाही, सगळ्यांसमोर. "नेल्फी," तो म्हणाला, "ऊठ, बाळा. जा."

नेल्फी धावत गेला. चुन्याच्या रेषेवर पाय पडू न देता त्यानं ती ओलांडली, छातीवर क्रूस काढला आणि उभा राहिला. समोर फलंदाज तोच होता. एवारिस्तोनं हात वर करून खुणावलं: तिसऱ्या बेसकडे सरक.

नेल्फीनं खूण पाहिली. तो हलला नाही.

एवारिस्तोनं पुन्हा खुणावलं. "ऐकू येत नाही का? सरक म्हणतो ना."

नेल्फीनं शेजारी, मघाशी चेंडू गेला होता त्या मातीकडे पाहिलं. हळूच टोपी काढली. मैदान इतकं गप्प होतं, की त्याचा दबका आवाजही बाकापर्यंत आला.

"सरकू कुठं, वस्ताद? तिथं जागा नाही."